कोकणाच्या अंगणात साकुरा लावण्यापूर्वी

मार्च उजाडला की टोकियो आणि क्योटो येथील साकुराच्या, म्हणजे जपानी चेरीच्या, गुलाबी झाडांची छायाचित्रे मोबाइलवर फिरू लागतात आणि त्यापाठोपाठ रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गात नुकतेच घर बांधून अंगणाकडे वळलेली मंडळी विचारू लागतात, की हे झाड आपल्याकडे लागेल का. दापोली तालुक्यातील आमच्या आवारात फुलझाडे लावताना मी या प्रश्नाचा पाठपुरावा रोपवाटिकांतून, माती परीक्षणातून आणि डोंगराळ भागातून मागवलेल्या रोपांतून केला आहे. उत्तर आधीच सांगून टाकतो. कोकण किनाऱ्यावर जपानी चेरीचे झाड काळजी घेतल्यास काही काळ जगू शकते, परंतु छायाचित्रात दिसतो तसा बहर त्याला येणार नाही. याचे कारण मातीत किंवा खतात नसून थंडीत आहे, आणि थंडी विकत आणता येत नाही. म्हणून रोपाला पैसे मोजण्यापूर्वी पुढील पायऱ्या क्रमाने वाचाव्यात, अशी विनंती आहे.

1. झाड नेमके कोणते, ते ओळखा

शोभेची चेरी ही प्रुनस या वंशातील आहे. पीच, जर्दाळू, आलुबुखार आणि बदाम (आपल्या किनाऱ्यावरचा देशी बदाम नव्हे, खरा बदाम) हे सारे याच वंशातले. काश्मीर आणि हिमाचलमध्ये खाण्याची जी चेरी पिकते ती याच वंशातील दुसरी जात आहे. शोभेच्या चेरीची फळे मात्र लहान, आंबट-कडू आणि खाण्यालायक नसलेली असतात, आणि दुहेरी पाकळ्यांच्या अनेक वाणांना तर फळच धरत नाही.

रोप हातात आल्यावर नावाच्या चिठ्ठीवर विसंबू नका, पान पाहा. पानाचे पाते जेथे देठाला मिळते, तेथे देठाच्या वरच्या टोकाला मोहरीच्या दाण्याहून लहान अशा दोन गाठी दिसतात. त्या बहुधा लालसर असतात आणि नजरेला चटकन दिसल्या नाहीत, तरी बोटाने चाचपल्यावर जाणवतात. या मधुग्रंथी आहेत. कोवळ्या पानांवर मुंग्या त्यांच्यापाशी थांबलेल्या दिसतात. चेरीचे पान साधे, एकेरी असून त्याच्या कडेला करवतीसारखे बारीक दाते असतात. खोड थोडे जाडसर झाले की त्यावर आडव्या रेघा उमटतात. साल उभी चिरलेली असेल, पान पाच बोटांसारखे विभागलेले असेल किंवा चिंचेसारख्या जोडपर्णिका असतील, तर ते झाड चेरी नाही, मग विक्रेता काहीही म्हणो.

2. वाणांची तोंडओळख करून घ्या

‘साकुरा’ हे एकाच झाडाचे नाव समजून लोक रोप मागतात आणि तेथूनच घोळ सुरू होतो. जपानमध्ये चेरीच्या दहाच्या आसपास रानटी जाती आहेत. त्यांतील कुमानो-झाकुरा ही तर 2018 मध्ये स्वतंत्र जात म्हणून नोंदली गेली. या जातींच्या संकरातून आणि निवडीतून माणसांनी शेकडो वाण तयार केले आहेत. त्यांपैकी पुढील काही वाण नावाने माहीत असलेले बरे.

सोमेई-योशिनो हा सर्वांत प्रसिद्ध वाण आहे. फूल पाच पाकळ्यांचे, कळीत गुलाबी आणि उमलल्यावर जवळजवळ पांढरे. एदोहिगान आणि ओशिमा-झाकुरा या दोन जातींचा हा संकर असून, जुन्या एदो शहराच्या, म्हणजे आजच्या टोकियोच्या, सोमेई या गावातील रोपवाटिकांमधून तो पसरला. याची सर्व झाडे एकाच मूळ झाडापासून कलमांनी वाढवलेली आहेत. त्यामुळे एका परिसरातील झाडे एकाच वेळी फुलतात आणि एकाच वेळी झडतात. पाने येण्याआधी फुले येतात, म्हणून झाड नखशिखांत फुलांचेच दिसते. आपल्याला छायाचित्रांतून भुरळ पडते ती बहुधा याच वाणाची.

कांझान हा गडद गुलाबी, भरगच्च पाकळ्यांचा वाण आहे. एका फुलात वीसहून अधिक पाकळ्या असतात आणि फुलांबरोबर तांबूस कोवळी पालवीही फुटते. युरोप-अमेरिकेतील रस्त्यांवर हाच अधिक दिसतो. शिरोफुगेन उशिरा फुलतो आणि त्याची पांढरी फुले झडताना गुलाबी होतात. उकोन हा फिकट पिवळसर, तर ग्योइको हिरवट पट्ट्यांच्या फुलांचा. आमानोगावा उंच आणि सडसडीत वाढतो. शिदारे या शब्दाने संपणारे किंवा सुरू होणारे वाण फांद्या खाली सोडणारे असतात. जुगात्सु-झाकुरा शरद ऋतूत थोडा आणि वसंतात पुन्हा फुलतो.

ताई-हाकु या मोठ्या पांढऱ्या फुलांच्या वाणाची हकीकत मला विशेष वाटते. जपानमध्ये तो नाहीसा झाला होता. कॉलिंगवुड इंग्राम या इंग्रज वृक्षप्रेमी गृहस्थांना इंग्लंडमधील एका बागेत त्याचे झाड सापडले आणि त्यांनी पाठवलेल्या काड्यांपासून 1930 च्या दशकात तो मायदेशी परतला. कलमाची एक काडी जपली गेली म्हणून आख्खा वाण वाचला. चेरीच्या जगात कलमाला एवढे महत्त्व का आहे, हे यातून कळते. बियांपासून उगवलेले झाड मूळ वाणासारखे निघत नाही. म्हणून संकेतस्थळांवर ‘साकुराच्या बिया’ या नावाने मिळणारी पाकिटे घेऊ नका. त्यावर कांझानचे चित्र असेल, तर ती पाकिटे खोटी आहेत हे जागच्या जागी ठरवता येते, कारण कांझानला बी धरतच नाही म्हटले तरी चालेल.

3. थंडीचा हिशेब मांडा

ही पायरी सर्वांत महत्त्वाची आहे आणि बहुतेक लोक नेमकी हीच ओलांडून पुढे जातात.

चेरीच्या फुलांच्या कळ्या आदल्या उन्हाळ्यातच तयार होतात. शरद ऋतूत त्या झोपी जातात. ही झोप मोडण्यासाठी झाडाला सलग थंडी लागते. बहुतेक जपानी वाणांना साधारणपणे 0 ते 7 अंश सेल्सिअसच्या आसपासच्या थंडीचे शेकडो तास मिळावे लागतात. ती भूक भागल्यावर वसंताची ऊब आली की कळ्या उमलतात. थंडी अपुरी पडली तर कळ्या अर्धवट जाग्या होतात, काही गळतात, काही पुढेमागे उमलतात, आणि पुष्कळदा केवळ पालवी फुटून वर्ष निघून जाते.

हापूसच्या बागायतदाराला हे समजावून सांगावे लागत नाही. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये थंडी पडली नाही की मोहोर लांबतो, हे कोकणातील प्रत्येक घराला ठाऊक आहे. फरक एवढाच, की हापूसला रात्रीचा पारा पंधरा-सोळा अंशांच्या आसपास काही दिवस राहिला तरी पुरते. चेरीची अपेक्षा त्याच्या निम्म्याहून खाली आहे आणि तीही आठवडेच्या आठवडे.

येथे एक बारकावा आहे. दापोलीच्या पठारावर जानेवारीत काही पहाटे पारा चांगला उतरतो, आणि ‘आमच्याकडे तर स्वेटर घालावा लागतो’ असे लोक सांगतात. परंतु त्याच दिवशी दुपारी तापमान तिशीच्या आसपास जाते. रात्री झाडाने कमावलेली थंडी दुपारची ऊब बऱ्याच अंशी पुसून टाकते. ओकिनावा हे जपानचे दक्षिणेकडील बेट तुलनेने उबदार आहे. जानेवारीतील तेथील रात्री कोकणातल्या थंड रात्रींपेक्षा फार गार नसतात, पण दिवसाही तापमान विशीच्या घरातच राहते, आणि तेथे कानही-झाकुरा ही तैवानी चेरी जानेवारीत फुलते. गंमत अशी, की मुख्य जपानमध्ये बहर दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकतो, तर ओकिनावात तो उत्तरेकडून दक्षिणेकडे आणि डोंगरावरून खाली येतो, कारण तेथे झाडे उबेची नव्हे, थंडीची वाट पाहत असतात.

तुमच्या जागेचा हिशेब तुम्ही स्वतः मांडा. कमाल-किमान तापमान दाखवणारा साधा तापमापक घ्या, तो भिंतीपासून दूर, सावलीत, छातीच्या उंचीवर टांगा आणि डिसेंबरच्या सुरुवातीपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत रोज सकाळी दोन्ही आकडे वहीत लिहा. किनाऱ्यालगतच्या गावांत किमान आकडा दहाच्या खाली गेलेला सहसा दिसणार नाही. एवढी वही तयार झाली की चेरीविषयी कोणाशीही वाद घालण्याची गरज उरत नाही.

‘सफरचंद आले, मग चेरी का नाही?’ असा प्रश्न हमखास येतो. हिमाचल प्रदेशातील बिलासपूर जिल्ह्यातील हरिमन शर्मा यांनी निवडलेला एचआरएमएन-99 हा सफरचंदाचा वाण कमी थंडीत फळतो आणि तो देशाच्या उष्ण भागांतही लावला जातो, हे खरे आहे. परंतु तो मुळातच अल्प थंडी मागणारा वाण आहे. सोमेई-योशिनो किंवा कांझान यांचे तसे नाही. एका झाडाचा पुरावा दुसऱ्याला लागू पडत नाही.

आणखी एका गोष्टीने फसगत होते. पावसाळ्यात अळीने किंवा वादळी वाऱ्याने पाने झडली, तर ऑक्टोबरमध्ये चेरीच्या फांद्यांवर चार-दोन फुले अवेळी उमलू शकतात, कारण कळ्यांना झोपवून ठेवणारे द्रव्य पानांतून येत असते आणि पानेच गेली की ते तुटते. ही फुले पाहून झाड ‘लागू पडले’ असे समजू नका. तो बहर नाही, आणि उमललेल्या त्या कळ्या पुढील वसंतासाठी शिल्लक राहत नाहीत.

4. ‘चेरी’ नावाच्या इतर झाडांपासून सावध राहा

रोपवाटिकेत ‘चेरी’ मागितल्यावर पुढ्यात येणाऱ्या पिशव्या वेगवेगळ्या झाडांच्या असतात. सिंगापूर चेरी म्हणजे मुंटिंगिया. ते झपाट्याने वाढते, त्याची गोड लाल फळे पाखरांना आवडतात, पण शोभेचा बहर त्याला नाही. बार्बाडोस चेरी हे जीवनसत्त्व क ने समृद्ध फळांचे झुडूप आहे. सुरिनाम चेरी जांभळाच्या कुळातील आहे. ही तिन्ही कोकणात उत्तम येतात आणि लावण्यासारखी आहेत, मात्र प्रुनस वंशाशी त्यांचे काही नाते नाही.

‘इंडियन चेरी ब्लॉसम’ किंवा ‘पिंक साकुरा’ या नावाने बहुधा गुलाबी टॅबेबुया दिला जातो. बंगळूरमध्ये आणि मुंबईत विक्रोळीच्या पूर्व द्रुतगती महामार्गावर हिवाळ्याच्या अखेरीस जी झाडे गुलाबी होतात, ती हीच. मूळ मध्य अमेरिकेकडचे हे झाड असून फूल कर्ण्यासारखे असते आणि पान पंजासारखे पाच पर्णिकांचे. गुलाबी बहावा, म्हणजे कॅशिया जावानिका, हाही याच नावाखाली खपवला जातो. झाड वाईट नाही, परंतु चेरीच्या दराने ते घेण्याचे कारण नाही. बिलावर झाडाचे शास्त्रीय नाव लिहून मागा. जो रोपवाटिकाचालक ते विनातक्रार लिहून देतो, त्याच्याकडूनच रोप घ्या.

5. परदेशातून रोप आणण्याचा विचार असल्यास

थोडक्यात सांगायचे तर घरगुती माणसाने या वाटेला जाऊ नये. भारतात रोपे, कलमाच्या काड्या आणि बिया आणण्यावर 2003 चा वनस्पती संगरोध आदेश लागू आहे. आधी आयात परवाना, निर्यात करणाऱ्या देशाचे वनस्पती स्वास्थ्य प्रमाणपत्र, प्रवेशाच्या ठिकाणी तपासणी आणि त्यानंतर मान्य जागेत रोपांचे विलगीकरण, अशी ती साखळी आहे. जपानच्या सहलीतून बॅगेत काडी आणणे हा नियमभंग तर आहेच, शिवाय त्यातून येणारी कीड आपल्या बागांना भोवू शकते. हा धोका काल्पनिक नाही. 1910 मध्ये जपानने वॉशिंग्टनला भेट पाठवलेली 2,000 चेरीची झाडे किडी आणि सूत्रकृमी आढळल्यामुळे जाळून टाकावी लागली होती. आज तेथे जी झाडे प्रसिद्ध आहेत, ती 1912 मध्ये नव्याने पाठवलेल्या 3,020 झाडांच्या परंपरेतील आहेत. दोन राष्ट्रांच्या मैत्रीची भेटसुद्धा जेथे जाळावी लागली, तेथे आपल्या हौसेला सवलत मागू नये.

6. प्रयोग करायचाच असेल, तर पद्मकाष्ठ निवडा

भारताची स्वतःची शोभिवंत चेरी आहे. आयुर्वेदात जिला पद्मक किंवा पद्मकाष्ठ म्हणतात आणि उत्तराखंडात जिला पंय्या म्हणून मान आहे, ती प्रुनस सेरासॉइडेस ही हिमालयातील जात. शिलाँगमध्ये नोव्हेंबरात जो गुलाबी बहर येतो, तो हिचाच. जपानी वाणांच्या तुलनेत तिला थंडी कमी लागते आणि बियांपासूनही ती येते. परंतु ती साधारणपणे बाराशे मीटरपासून वरच्या डोंगरउतारांवरील वनस्पती आहे, हे विसरून चालणार नाही.

आमच्या आवारात तिचे एक झाड आहे. पाने सुरेख येतात, वाढ बरी आहे, खोडावरच्या आडव्या रेघाही उमटल्या आहेत, परंतु बहर नाही. मी ते ठेवले आहे, कारण झाड म्हणूनही ते मला प्रिय आहे. फुलांसाठीच ज्यांना झाड हवे आहे, त्यांनी नवव्या पायरीकडे जावे.

रोप हिमाचल किंवा उत्तराखंडातील नोंदणीकृत रोपवाटिकेतून मागवावे. तेथे पानगळीच्या काळात, डिसेंबर-जानेवारीत, मुळे उघडी असलेली रोपे ओल्या शेवाळात गुंडाळून पाठवतात. पार्सल येताच मुळे काही तास पाण्यात ठेवा, काळी आणि मऊ पडलेली टोके छाटा आणि रोप मोठ्या पिशवीत किंवा कुंडीत लावून पन्नास टक्के सावलीच्या जाळीखाली ठेवा. उन्हाळा आणि पहिला पावसाळा त्याने तेथेच काढावा. पावसाळ्यात कुंडी पडवीच्या कडेला ठेवताना ती पागोळ्यांच्या धारेखाली येणार नाही, याकडे लक्ष द्या. सतत पडणाऱ्या धारेने माती वाहून जाते आणि मुळे उघडी पडतात.

7. कागदपत्रे आणि साहित्य गोळा करा

कागदपत्रे फार नाहीत, पण हाताशी असावीत:

- जागेचा सातबारा उतारा. कोकणात तो बहुधा सामाईक असतो. मोठे होणारे झाड हद्दीलगत लावायचे असल्यास सहहिस्सेदारांना आधी विचारा, कारण पुढे फांद्या आणि मुळे यांवरून होणारे वाद झाडापेक्षा अधिक वर्षे टिकतात.
- माती परीक्षण अहवाल. दापोलीचे डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ, जवळचे कृषी विज्ञान केंद्र किंवा जिल्हा प्रयोगशाळा येथे चौकशी करा. नमुना आवारातील चार-पाच ठिकाणांहून घेऊन, एकत्र कालवून, सावलीत वाळवून अर्धा किलो न्यावा आणि सोबत गट क्रमांक लिहावा.
- शास्त्रीय नाव लिहिलेले रोपवाटिकेचे बिल.
- झाडासाठी जागा करताना जुने झाड तोडावे लागणार असेल, तर वनविभागाची, आणि नगरपालिका हद्दीत असाल तर वृक्ष अधिकाऱ्याची, लेखी परवानगी. आधी तोड आणि मग अर्ज, असे करू नका.

साहित्यात पहार, टिकाव, फावडे, घमेले, छाटणीची धारदार कात्री, बांबूच्या काठ्या, सुतळी, गोणपाट, सावलीची जाळी, तसेच बोर्डो पेस्टसाठी, म्हणजे खोडाला लावायच्या बुरशीनाशक लेपासाठी, मोरचूद, चुना आणि प्लास्टिकची बादली एवढे पुरे.

8. खड्डा, लागवड आणि पावसाळा

चेरीला सर्वांत मोठे भय साचलेल्या पाण्याचे आहे, आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. जांभ्या कातळात खोदलेल्या खड्ड्याला तळाशी वाट नसेल, तर तो पावसाळाभर पाण्याने भरलेला राहतो आणि मुळे कुजतात. म्हणून एप्रिलमध्ये तीन फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा खणून आधी तो पाण्याने भरून पाहा. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पाणी शिल्लक असेल, तर तेथे चेरी लावू नका. पहारीने तळ फोडून निचरा होतो का ते पाहा, अन्यथा उताराकडची दुसरी जागा शोधा.

खड्डा ऊन्हात तापू द्या. भरताना चांगली माती, कुजलेले शेणखत आणि जांभ्याचा बारीक चुरा मिसळा. आपली माती आम्लधर्मी असते, चेरीला मात्र किंचित आम्ल ते उदासीन माती मानवते. चुना किती घालायचा, हे परीक्षण अहवालावरूनच ठरवा. अंदाजाने मूठभर टाकण्याची सवय येथे नुकसान करते. खड्डा जमिनीच्या वर फूटभर उंचवटा होईल इतका भरा आणि रोप त्या उंचवट्यावर लावा.

कोकणात झाडे मृगाच्या पावसावर लावण्याची रीत आहे आणि आंबा, काजू, फणस यांसाठी ती योग्यच आहे. चेरी मात्र पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरमध्ये लावावी. कलमी रोप असेल तर कलमाचा सांधा मातीपासून चार बोटे वर राहिला पाहिजे. सांधा हातात धरून नीट पाहा: खालच्या आणि वरच्या सालीचा रंग वेगळा असतो, तेथे किंचित बाक असतो, आणि त्याखालून येणारा प्रत्येक फुटवा मूळकांडाचा, म्हणजे ज्यावर कलम बांधले त्या खालच्या झाडाचा, असतो. तो उगवताच खुडून टाका. सांधा मातीत गाडला गेला तर तेथे कुजण्याचा धोका असतो.

खाऱ्या वाऱ्यापासून आडोसा हवा. किनाऱ्यालगत असाल तर सुरू किंवा उंडीच्या रांगेमागे, नाहीतर घराच्या पूर्वेला जागा द्या. दुपारचे पश्चिमेचे ऊन चेरीच्या कोवळ्या खोडाला भाजते. पहिली दोन वर्षे खोडाला मार्च ते मे गोणपाट सैलसर गुंडाळावे.

पावसाळ्यापूर्वी, मेअखेरीस, खोडाला जमिनीपासून दोन-अडीच फुटांपर्यंत बोर्डो पेस्ट लावा. प्रमाण एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि दहा लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळे भिजवून मग एकत्र करा आणि लोखंडी भांडे वापरू नका. पावसात खोडातून डिंक पाझरू लागला, तर तो भाग धारदार सुरीने निरोगी सालीपर्यंत खरवडून, उघडीप मिळताच पुन्हा पेस्ट लावावी. वाळवी लागू नये म्हणून बुंध्याभोवती पालापाचोळा चिकटून ठेवू नका, वीतभर अंतर मोकळे ठेवा.

छाटणीबाबत हात आखडता घ्या. चेरी तोडणारा मूर्ख आणि उमे, म्हणजे जपानी जर्दाळू, न तोडणाराही मूर्ख, अशा अर्थाची म्हण जपानमध्ये आहे. चेरीची जखम लवकर भरत नाही. वाळकी आणि एकमेकींवर घासणारी फांदी तेवढी कोरड्या हवेत काढावी. उत्तर जपानमधील हिरोसाकी येथील उद्यानात मात्र सफरचंदाच्या बागायतदारांच्या छाटणीतून शिकून सोमेई-योशिनोची झाडे शंभर वर्षांहून अधिक काळ जपली आहेत, पण ते काम जाणत्या हातांचे आहे.

गुरे आणि शेळ्या असलेल्या घरांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. चेरी वर्गातील झाडांच्या पानांत आणि बियांत सायनाइड निर्माण करणारी द्रव्ये असतात, आणि कोमेजलेली पाने जनावरांना विशेष घातक ठरतात. छाटलेल्या फांद्या गोठ्याजवळ टाकू नका.

9. बहर हवा असेल तर ही झाडे लावा

माझे स्पष्ट मत असे, की किनाऱ्यावर राहणाऱ्याने आपली मुख्य जागा चेरीला देऊ नये.

पर्णहीन फांद्यांवर फिकट गुलाबी फुलांचे घोस, हे चेरीचे रूप लांबून सर्वांत जवळ येते ते गिरिपुष्पाने. जानेवारी ते मार्चमध्ये बांधावरचा गिरिपुष्प पाहा. आपण त्याला कुंपणाचे आणि भाताच्या हिरवळीच्या खताचे झाड म्हणून दुर्लक्षित ठेवले आहे. मनगटाएवढ्या जाडीची फांदी पावसाच्या तोंडावर रोवली की काम झाले. ते मूळचे परदेशी आहे आणि छाटले नाही तर पसरते, तेवढे सांभाळावे.

ताम्हण हे आपले राज्यपुष्प. ओढ्याकाठी वाढणाऱ्या या झाडाला कोकणचा पाऊस बाधत नाही आणि एप्रिलपासून ते जांभळट गुलाबी तुऱ्यांनी भरते. पाणी साचणारा कोपरा, जेथे चेरी मरेल, तो ताम्हणाला द्या. बहाव्याला उलट निचऱ्याची, उन्हाची जागा हवी.

धीर असणाऱ्यांनी सुरंगी लावावी. फेब्रुवारी-मार्चमध्ये तिच्या जुन्या, पानांविरहित फांद्यांना पांढरी सुवासिक फुले अशी खेटून येतात, की साल दिसत नाही. वेंगुर्ले तालुक्यात पहाटे कळ्या वेचून वळेसर, म्हणजे गजरे, करणाऱ्या बायकांना हे झाड कोणी समजावून सांगावे लागत नाही. सुरंगी हळू वाढते. सुवासाला जपानच्या कोणत्याही साकुराने तिच्याशी स्पर्धा करू नये, असे मला मनापासून वाटते. अंजनीही अशीच, निळ्या-जांभळ्या फुलांनी काड्या झाकणारी. लहान अंगणाला ती पुरते.

10. खरा साकुरा पाहायला जायचे असल्यास

भारतात शिलाँग गाठा, नोव्हेंबरच्या मध्याच्या सुमारास. तेथे 2016 पासून चेरी ब्लॉसम महोत्सव भरतो. सिक्कीममध्ये टेमी येथील चहाच्या मळ्यातही त्याच महिन्यात बहर असतो.

जपानसाठी तारीख आधी ठरवून तिकीट काढणे, हा सर्वांत मोठा सापळा आहे. टोकियोत बहर सर्वसाधारणपणे मार्चच्या शेवटच्या आठवड्यात ते एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात असतो, परंतु हिवाळा कसा गेला त्यावर तो पुढेमागे होतो. पहिले फूल उमलल्यापासून पूर्ण बहर साधारण आठवड्याभरात येतो आणि पाऊस-वारा नसेल तर पुढे आठवडाभर टिकतो. टोकियोत यासुकुनी देवस्थानातील एका ठरावीक झाडावर पाच-सहा फुले उमललेली दिसली, की हवामान खाते बहर सुरू झाल्याचे जाहीर करते. मार्चची सुट्टी साधली नाही, तर एप्रिलच्या उत्तरार्धात उत्तरेकडील हिरोसाकीचा विचार करा, आणि फेब्रुवारीत जाणे शक्य असेल तर लवकर फुलणाऱ्या कावाझु-झाकुरासाठी इझू द्वीपकल्पातील कावाझु हे गाव. तिकिटे बदलता येतील अशी घ्या, आणि मुक्काम एकाच शहरात न ठेवता दक्षिण-उत्तर अशा दोन ठिकाणी विभागा, म्हणजे एकीकडे पाकळ्या झडून गेल्या असल्या तरी दुसरीकडे कळ्या उमलत असतील.